हरून या

अजून हरला नाही अशा माणसाला ते दारातूनच परत पाठवत. कुणाचा भाऊ पोलिसांनी उचलला, कुणाच्या पोरावर मारामारीची केस झाली, की त्या घरचं कोणीतरी धापा टाकत त्यांचा जिना चढून यायचं. वकीलसाहेब कागदातून डोकं वर न काढता विचारायचे, "निकाल लागला का?"

"नाही साहेब, अजून तर केस सुरूच व्हायची आहे."

"मग माझ्याकडे काय काम? हरून या."

आलेला माणूस आधी थिजायचा, मग चिडायचा आणि खाली चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जाऊन सांगायचा की वरचा म्हातारा वेडा आहे. लारीवाला शांतपणे म्हणायचा, "ते अख्ख्या नानपुऱ्याला माहीत आहे. चहा घेणार का?"

ते फक्त फौजदारी अपिलं चालवत. खालच्या कोर्टात शिक्षा झाली की वरच्या कोर्टात दाद मागायची, तेवढंच त्यांचं काम. साक्षीदार, उलटतपासणी, जामिनाची धावपळ, यात त्यांना काडीचा रस नव्हता. "पहिल्या फेरीला सगळेच येतात," ते म्हणत, "भाऊबंद, साक्षीदार, बघे. जत्राच असते. दुसऱ्या फेरीला माणूस एकटा येतो." आता हे वाक्य मला आवडतं. पण ज्याच्या घरचा माणूस तुरुंगात आहे त्याला असली वाक्यं ऐकवत नाहीत. मला तर त्यांचा पहिल्या दिवशी रागच आला होता.

मला आत घेतलं, कारण माझे वडील हरून चुकले होते.

आम्ही धुळ्याकडचे. आप्पा सुरतेला आले ते पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये. साड्यांचं कापड रंगवायचं, छापायचं, घडी घालून पाठवायचं असं तिथलं काम, आणि आप्पा घडीखात्यात. नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी नुकतीच एका मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. त्याच सुमारास मिलमधले आठ ताके, म्हणजे कापडाचे तागे, चोरीला गेले आणि नाव आप्पांचं आलं. आप्पांना कोर्टात उभं केलं, न्यायाधीशसाहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं, आणि माझ्या बापानं एका झटक्यात सगळं कबूल केलं. वर्षाची शिक्षा. साक्ष नाही, पुरावा नाही, काही नाही. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस दुपारी सुरतेच्या तुरुंगात.

घरात नीट गुजराती लिहिता-बोलता येणारी मी एकटीच, म्हणून वकील शोधायचं काम माझ्यावर आलं. जो तो एकच सांगे: ज्यानं गुन्हा कबूल केला त्याला अपील नाही, कायदाच तसा आहे, वर्ष काय बघता बघता जाईल. एकानं तर मला उपदेश केला की खोटं बोलला नाही हे काय कमी आहे! मी मान खाली घालून जिने चढले आणि मान खाली घालून उतरले. शाळेत मी सांगितलं होतं की वडील गावी गेलेत, शेतीचं काम निघालंय. आम्हाला शेतीच नव्हती. पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीत मात्र थापा चालणार नव्हत्या, अर्धी गल्ली आमच्याच तालुक्यातली. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि मी हंडा उचलून वळले की पुन्हा सुरू व्हायचं.

शेवटी कोणीतरी या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. त्यांची कचेरी एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. खाली दळण सुरू झालं की त्यांचं टेबल थरथरायचं, पेन गडगडत जायचं आणि प्रत्येक कागदावर पिठाची पातळ साय असायची. अशा जागी तीस-पस्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ओरडूनच बोलायची सवय लागली होती. गिरणी बंद असली तरी ते ओरडत, कोर्टातही ओरडत. न्यायाधीश काकुळतीला येऊन म्हणत, "वकीलसाहेब, धीरेथी. हुं अहींज छुं." मी इथेच आहे म्हणून. तेवढ्यापुरता आवाज उतरायचा आणि दुसऱ्या वाक्याला परत गिरणीच्या पट्टीत जायचा.

मूळचे ते नवसारीकडचे. गायकवाडी राज्यात दोन पिढ्यांपूर्वी नोकरीला आलेलं मराठी घराणं. मराठी बोलता बोलता त्यांची गुजराती कधी सुरू व्हायची ते त्यांनाच कळत नसे. उन्हाळ्यात काळा कोट आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. कोटाच्या आतल्या खिशात एक चमचा. कोर्टाबाहेरच्या गाडीवर ते लोचो, डाळ वाटून वाफवलेला सुरती पदार्थ, खात, पण गाडीवाल्याचा चमचा नको म्हणून स्वतःचा काढत, खाऊन झालं की वकिली पांढऱ्या पट्टीनं पुसत आणि परत खिशात टाकत. तीच पट्टी गळ्यात बांधून मग न्यायाधीशांपुढे. पट्टीवर लोचोच्या तेलाचा पिवळा डाग असायचा आणि माझं सगळं लक्ष त्या डागाकडे असायचं. वाटायचं, दुसरा कोणी मिळाला असता तर बरं झालं असतं.

चहावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ते अहो-जाहो करत. आपल्या पक्षकाराला मात्र त्यांनी कधी आरोपी म्हटलं नाही, गुन्हेगार तर नाहीच. ते म्हणत, अपीलदार. शिक्षा तात्पुरती थांबवण्याचा हुकूम घेऊन त्यांनी आप्पांना तुरुंगातून बाहेर काढलं, तेव्हा आप्पा पहिल्यांदा कचेरीत आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. वकीलसाहेब उठून उभे राहिले, हात जोडले आणि ओरडले, "या, अपीलदारसाहेब!" आप्पा मागे वळून बघायला लागले, आपल्यामागे कोणी मोठा माणूस आलाय की काय म्हणून.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे ते कधीच विचारत नसत की केलंय की नाही. मी पहिल्याच भेटीत डोळ्यांत पाणी आणून सांगायला गेले, "साहेब, माझे वडील निर्दोष आहेत," तर त्यांनी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले.

"ते मला नका सांगू, मास्तरीणबाई. ते माझं कामच नाही. कोर्टात काय झालं ते सांगा. कोणी काय विचारलं, कसं विचारलं, ते काय बोलले, काय लिहिलं गेलं."

मला वाटलं, यांचा आमच्यावर विश्वास नाही. अपमान वाटला. घरी जाऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग त्याले काय सांगानं? ज्याले खरं ऐकानं नही तो कसाना वकील?"

मायचा अपिलालाच विरोध होता. तिच्या मते एकदा माफी मागून पुन्हा भांडायला जाणं म्हणजे कोडगेपणा. "वरना साहेब चिडना आनी शिक्षा दुप्पट करी तर?" ती मला विचारत राहिली. गावाकडे पंचांनी निकाल दिल्यावर जो दुसऱ्या पंचांकडे गेला त्याला दंड दुप्पट बसायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मी हे वकीलसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली आणि खालच्या गिरणीलाही ऐकू जाईल असं सांगितलं, "आईंना सांगा, ज्यानं अपील केलं त्याची शिक्षा त्याच्याच अपिलात वाढत नाही! दार वाजवणाऱ्याला मारायचं नसतं, एवढी अक्कल कायद्याला आहे!" जिन्यावरून जाणारा दळणवाला थांबून ऐकत होता. मला वाटलं, आता यालाही कळलं.

कारण लाज हाच तेव्हा माझा मुख्य उद्योग होता. आणि हा माणूस जिथे जाईल तिथे माझी लाज मोठ्या आवाजात वाचून दाखवायचा. नकलाखात्यातला प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. निकालाची नक्कल आणायची होती. खिडकीतला कारकून म्हणाला, फी भरा, उद्या या. मी लगेच पर्स उघडली, कारण मला तिथून पळायचं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "पर्स आत." आणि मग खिडकीत तोंड घालून त्यांनी आप्पांचं संपूर्ण नाव, राहणार पांडेसरा, चोरीचा गुन्हा, शिक्षा एक वर्ष, हे सगळं खणखणीत गुजरातीत सांगितलं. "शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची नक्कल फुकट मिळते. मागितल्यावर नाही, शिक्षा दिल्याबरोबर!" रांगेतली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. त्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, थोड्या पैशांसाठी एवढा आरडाओरडा?"

"पैशांसाठी?" ते खरोखर चकित झाले. "अहो, एखाद्याला आत टाकायचं तर का टाकलं ते त्याच्या हातात लिहून द्यावं लागतं. ती भीक नाही. आपण फी भरली असती तर ती भीक झाली असती."

मला तेव्हा हे उलटं-सुलटं वाटलं. आजही पूर्ण सुलटं वाटतं असं नाही, पण पटतं.

त्या नकलेत आप्पांचं उत्तर म्हणून एकच ओळ होती: आरोपी गुन्हा कबूल करतो. तीही सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर, आधीच छापलेली. फक्त नाव हातानं भरलेलं. वकीलसाहेबांनी ती ओळ पाहिली आणि लोचोची प्लेट समोर आल्यासारखे हात चोळले.

"अपीलदारसाहेब, तुम्ही कोर्टात काय बोललात? तेच शब्द सांगा."

मोठ्या माणसासमोर बसून बोलायची आप्पांना सवय नव्हती. मग ते उठले, डोक्यावरची टोपी काढली, टेबलाजवळ जाऊन जमिनीवर ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "चूक व्हई गई साहेब, माफ करा."

मी भिंतीकडे बघायला लागले. आप्पांनी हेच केलं असणार हे मला आतून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. आमच्या गावात भांडण पंचांसमोर गेलं की शहाणा माणूस असंच करतो. टोपी काढून पंचांपुढे ठेवायची आणि चूक झाली म्हणायचं. त्याचा अर्थ मी केलं असा होत नाही. अर्थ असा की माझी अब्रू आता तुमच्या हातात, वाद मिटवा. जो आधी टोपी ठेवतो तो मोठ्या मनाचा समजला जातो. मग पंचांपैकी वडीलधारा उठतो, स्वतःच्या हातानं टोपी उचलून त्याच्या डोक्यावर घालतो, चहा होतो आणि सगळे घरी जातात. आप्पांनी सुरतेच्या कोर्टात टोपी ठेवली आणि वाट पाहत उभे राहिले. साहेबांनी उचलली नाही. शिपायानं पायानं बाजूला सारली. आप्पा तुरुंगात बोडक्या डोक्यानं गेले, आणि शिक्षेपेक्षा त्यांना तेच लागलं होतं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "कबूल केलं तर अपील नाही, बरोबर. पण कबूल केलं का, हे छापखाना ठरवणार?"

अपिलाची सुनावणी लागली तो दिवस मी शाळेतून रजा काढून गेले. कोर्ट माणसांनी भरलेलं. सरकारी वकील उठले आणि एका मिनिटात सांगून बसले की कबुलीवर शिक्षा झाली आहे, अपील चालतच नाही. आमचे वकीलसाहेब उठले. काही न बोलता ते मागच्या बाकाकडे आले, आप्पांच्या डोक्यावरची टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि तशीच पुढे गेले. आधीच लोक हसायला लागले होते. न्यायाधीशांच्या व्यासपीठाशी पोचल्यावर त्यांनी टोपी काढून खाली ठेवली, वाकताना गुडघा कटकन वाजला, आणि हात जोडून ओरडले, "चूक झाली साहेब, माफ करा!"

सगळं कोर्ट हसलं. कारकून हसले, पोलीस हसले, बेडीतला एक कैदी हसला. माझ्या शेजारी आप्पा बोडक्या डोक्यानं हात जोडून उभे, कारण ते शब्द ऐकल्यावर बसून राहणं त्यांना जमेना. मला त्या क्षणी दोघांचीही लाज वाटली, म्हाताऱ्याची आणि बापाची. मी तोंडावर पदर धरला.

न्यायाधीश चिडले. "वकीलसाहेब, आ शुं नाटक छे?"

"नाटक नाही साहेब. मी गुन्हा कबूल केला. लिहून घ्या."

"कयो गुन्हो?"

"हेच!" वकीलसाहेबांचा आवाज पार छताला लागला. "हेच खालच्या कोर्टानं विचारायला हवं होतं! कुठला गुन्हा, माणसाला कळला का, आणि तो नेमकं काय बोलला. मी आत्ता जे बोललो त्यावर मला वर्षभर आत टाकणार का?"

हसणं थांबलं. न्यायाधीश खाली पडलेल्या टोपीकडे बघत राहिले. मग त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं टोपी उचलून वकीलसाहेबांना दिली, तर ते म्हणाले, "मला कशाला? ज्याची त्याला द्या." शिपाई मागे आला आणि त्यानं ती आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती डोक्यावर घातली नाही, नुसती धरून ठेवली.

कोर्टाच्या जिन्यावर मी वकीलसाहेबांना फाडकन म्हणाले, "तुम्ही आमचा तमाशा केलात."

"तमाशा आधीच झाला होता, मास्तरीणबाई. तेव्हा तो कोणी नीट पाहिला नाही, एवढंच." आणि खिशातून चमचा काढून ते गाडीकडे गेले.

अपील मंजूर झालं. शिक्षा रद्द. केस परत खालच्या कोर्टात, जिथे प्रश्न विचारला जातो त्याच पायरीवर. आरोप आप्पांना कळेल अशा भाषेत समजावून सांगावा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं, असा हुकूम. मला त्यातला 'रद्द' हा एकच शब्द दिसला. मी गल्लीत घरोघर पेढे वाटले. ज्या बायका नळावर गप्प व्हायच्या त्यांच्या हातावर मी मुद्दाम दोन-दोन ठेवले आणि म्हटलं, "आप्पा सुटले. काही केलंच नव्हतं, तर सुटणारच."

कचेरीत पेढे घेऊन गेले तर वकीलसाहेबांनी एक उचलला, पण खाल्ला नाही. "सुटले नाहीत. त्यांना पुन्हा विचारणार आहेत. तेवढंच मिळालंय."

"काळजी नका करू," मी अभिमानानं सांगितलं. "रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडून पाठ करून घेते. साहेबांनी विचारलं की फक्त म्हणायचं, कबूल नथी. पुढे एक अक्षर नाही."

ते असे भडकले की पेढा त्यांच्या हातून खाली पडला. "पोपट केलात त्यांचा! आधी छापलेल्या कागदानं त्यांच्या तोंडात शब्द घातला, आता तुम्ही घालताय! मग मी भांडलो कशासाठी?"

"ते सुटावेत म्हणून!" मीही आवाज चढवला.

"छे! त्यांना विचारलं जावं म्हणून!"

मी पेढ्यांचा डबा टेबलावर आदळून निघून आले. मनात म्हटलं, गरज सरो, वैद्य मरो. तसंही पुढची केस ते चालवणार नव्हतेच, खालच्या कोर्टाची पायरी ते चढत नसत. एक तरुण वकील ठरला होता आणि त्याचंही मत माझ्यासारखंच होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. आप्पा पुन्हा तुरुंगात गेले नाहीत. भोगली तेवढी शिक्षा पुरे झाली, आणि आठ ताक्यांचं शाबीत करायला मिलकडून कोणी आलंच नाही. मिल सुटली ती सुटलीच. नंतर आप्पांनी भाजीची लारी लावली आणि ती चांगली चालली. वकीलसाहेब त्यानंतर काही वर्षांनी गेले. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पांनी आम्हालाही कधी विचारलं नाही हो, तू केलंस का म्हणून. काचा आम्ही फोडल्या तरी नाही." त्याला त्याचं कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

आता आप्पांना पुन्हा विचारलं तो दिवस. खालच्या कोर्टात नवे साहेब आले होते. दुभाषा म्हणून ज्याला बोलावलं होतं तो आलाच नाही. कारकून म्हणाला, पुढची तारीख द्यावी. आमचा तरुण वकील म्हणाला, मुलगी हजर आहे, तिला गुजराती येतं. सरकारी वकील हसले, "दीकरी छे, साहेब!" साहेब विचारात पडले. तेवढ्यात मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज गडगडला, "शपथ द्या! शपथ दिली की ती कोणाची मुलगी नाही!"

मी वळून पाहिलं. वकीलसाहेब कोट न घालता, साध्या सदऱ्यात बसले होते. साहेबांनी विचारलं, "तमे कोण?"

"प्रेक्षक," ते म्हणाले.

मला शपथ दिली. समजावून सांगितलं की 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही, ते जे बोलतील ते 'मी' म्हणूनच बोलायचं. मग साहेबांनी आरोप वाचला आणि मी आप्पांकडे वळून आमच्या घरच्या भाषेत विचारलं, "आप्पा, मिलना आठ ताका तुम्ही चोरात का?" भरकोर्टात, शपथेवर, स्वतःच्या बापाला. पण उत्तर पाठ होतं. मी त्याची वाट पाहत उभी राहिले.

आप्पांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू इचारस म्हनीसन सांगस, पोरी. आठ ताका मना डोयाखाले बी नही उनात. एक फेंट मी लई गयतू. आंडेरले नोकरी लागनी, तिले शाळामा नेसाले धड लुगडं नही व्हतं."

फेंट म्हणजे छपाईत डाग पडला म्हणून कापून टाकलेला तुकडा, कधी अख्ख्या साडीएवढा. कोपऱ्यात पडलेले असतात, पण मिलचेच असतात. आठ ताके त्यांनी पाहिलेही नव्हते. एक फेंट नेली होती, मुलीला नोकरी लागली आणि शाळेत नेसायला धड साडी नव्हती म्हणून. मला त्यांनी सांगितलं होतं, मिलमध्ये स्वस्तात मिळाली. तिच्यावरचा डाग मी निऱ्यांत लपवून ती नेसायचे. त्या दिवशी नेसले नव्हते, ती घरी दोरीवर वाळत होती, एवढंच नशीब.

"शुं कहे छे?" साहेबांनी विचारलं.

त्या कोर्टात ते शब्द पुरते कळलेले आम्ही दोघंच होतो. गल्लीत घरोघर दिलेले पेढे मला आठवले. मी गुजरातीत म्हणाले, "आठ ताके मी घेतले नाहीत. एक फेंट घेतली." आणि थांबले.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "लखो, एक फेंट कबूल."

"पूरुं नथी!" मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. म्हातारा उभा राहिला होता. "माणूस एवढं बोलला आणि ओळ एवढीशी? त्याचे शब्द सगळे लिहा! वरच्या कोर्टाचा हुकूम आहे!"

साहेब त्यांना बाहेर काढतील अशी मी आशा केली. पण त्यांनी समोरचा हुकूम उचलून वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज मऊ होता. "बेन, बाकी शुं कह्युं?"

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल जितका त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा आला. पण शपथ घेतली होती, आणि आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मारी दीकरीने," मी म्हणाले. माझ्या मुलीला.

"दीकरीने," कारकून लिहिता लिहिता माझ्यामागोमाग म्हणाला आणि पुढचं विचारलं. "आगळ?"

"नोकरी मळी."

"मळी. आगळ?"

शाळेत मुलांना शुद्धलेखन घालते तसे मी शब्द सुटे सुटे करून सांगत गेले. शाळेत. नेसून जायला. धड साडी. नव्हती. तिथे कारकुनानं पेन थांबवलं आणि मान वर करून हळूच विचारलं, "बेन, आ तमारीज वात छे?" ही तुमचीच गोष्ट का, म्हणून.

"हो," मी म्हणाले.

"ए नहीं लखवानुं!" मागून म्हातारा ओरडला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "ते लिहायचं नाही! ते तिचं आहे, त्यांनी म्हटलेलं नाही!"

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. माझं 'हो' कागदावर आलं नाही.